आम्ही की आपण? योम किप्पूरच्या कबुलीतलं अनेकवचन



सुरुवातीलाच एक खुलासा करतो. व्यासपीठावर आत्ता एकच माणूस उभा आहे, पण तासभर तो 'आम्ही' असंच म्हणणार आहे. त्याला कारण आहे. आमचा पाच जणांचा एक वाचनगट आहे. पंधरा दिवसांतून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, एखादा जुना ग्रंथ घेतो आणि जमेल तसा वाचतो. आजचं टिपण पाचांनी मिळून केलंय. आमच्यात कुणी ज्यू नाही. हिब्रू अक्षरओळखीपुरतं येतं, बाकी सगळं भाषांतरांतून वाचलेलं. त्यामुळे आज जे बोलणार ते धर्माचं विवेचन म्हणून ऐकू नका. एका प्रार्थनेच्या संहितेवर पाच वाचकांनी केलेली टीका, एवढंच ते आहे. आणि 'आम्ही' या शब्दाबद्दल आजच बोलायचं असल्यामुळे तो वापरताना आमची जीभ जरा अडखळणार आहे, तेही सांभाळून घ्या.

विषय आहे योम किप्पूर. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची १० तारीख. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. सूर्यास्ताच्या थोडं आधी सुरू होतो तो दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २५ तासांचा निर्जळी उपास. आपल्याकडच्या उपासासारखं साबुदाणा-शेंगदाणे असलं काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. खाणंपिणं, आंघोळ, अंगाला तेल लावणं, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंध, असे पाच निषेध. आजाऱ्याला मात्र सूट असते, कारण जीव वाचवणं उपासापेक्षा मोठं मानलं आहे. काम पूर्ण बंद. दिवस जातो सिनेगॉगमध्ये, प्रार्थनेत. गेल्या वर्षभरात जे चुकलं त्याची कबुली द्यायची, मागे वळायचं. पश्चात्तापाला हिब्रूत शब्दच आहे 'तेशुवा', म्हणजे परतणं.

हा दिवस आपल्याला वाटतो तितका परका नाही. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात याला एक मराठी नाव होतं: दारफाळणीचा सण. अलिबागच्या आसपासच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले हे लोक. हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी १८९७ मध्ये या समाजाचा इतिहास लिहिला, तो छापला गेला १९३७ मध्ये. त्यात सणांची ही जुनी नावं येतात. वर्षारंभाचा तो नव्याचा सण, होळीच्या दिवसांत येणारा पुरीम तो होळीचा सण, आणि योम किप्पूर तो दारफाळणीचा. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि दिवसभर घरात उपाशी राहायचं. दुसऱ्या दिवसालाही नाव होतं, शिळा सण. त्याच्याकडे आपण शेवटी येऊ.

आता मूळ मुद्दा. योम किप्पूरच्या प्रार्थनांमध्ये एक कबुलीची प्रार्थना आहे. तिला 'विदुई' म्हणतात. तिचे दोन भाग. लहान भाग 'आशामनू' आणि मोठा 'अल हेत'. दोन्ही वर्णमालेच्या क्रमानं रचलेले. हिब्रूत २२ अक्षरं. लहान भागात प्रत्येक अक्षराला एक अपराध येतो. विश्वासघात, लूट, चहाडी, दुष्ट सल्ला, खोटेपणा अशी यादी. मोठ्या भागात, मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या प्रथेप्रमाणे, प्रत्येक अक्षराला दोन, म्हणजे ४४ कलमं. प्रत्येक शब्दाला मूठ वळून छातीवर हलकेच मारायची. परंपरेप्रमाणे ही कबुली त्या एका उपासाच्या फेऱ्यात दहा वेळा म्हटली जाते.

यादी वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली म्हणजे हिच्यात खून-दरोडे जवळजवळ नाहीत. जिभेचे अपराध फार: खोटं बोलणं, टिंगल, निंदा, वायफळ बडबड. मग धंद्यातली लबाडी, लाच, व्याजबट्टा, आईवडिलांचा आणि गुरूंचा अनादर, ताठ मान, वर चढवलेल्या भुवया. थोडक्यात, आपण संध्याकाळपर्यंत जे करतो ते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सगळी क्रियापदं अनेकवचनी आहेत. 'आशामनू' मधला तो शेवटचा 'नू' म्हणजे 'आम्ही'. वर्षभरात ज्यानं लाचेचा पैसा पाहिलाही नाही तोही छातीवर मूठ मारून म्हणतो, आम्ही लाच घेतली. आणि ज्यानं खरंच घेतली आहे, तोही तेच म्हणतो. शेजारी उभा राहून, त्याच आवाजात.

आम्ही हे मराठीत करून बघायला बसलो आणि तिथेच अडकलो. हिब्रूत 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक नाही, एकच रूप आहे. मराठीत दोन आहेत, आणि आपल्याला निवड करावीच लागते. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत येतो. 'आम्ही सिनेमाला चाललोय' आणि 'आपण सिनेमाला जाऊ', यातला फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो. मग कबुलीत काय म्हणायचं? बोलणं देवाशी चाललंय आणि देव काही गुन्ह्यात सामील नाही, तेव्हा व्याकरणानं 'आम्ही'च बरोबर. 'आम्ही चुकलो.' पण ही प्रार्थना मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून म्हणायची आहे. ती शेजाऱ्याच्याही कानावर पडते, आणि तो अपराधात आहे. त्याच्या बाजूनं ती 'आपण चुकलो' अशी ऐकू आली पाहिजे. पुन्हा मराठीतला 'आपण' भलताच लवचिक. आदरानं समोरच्याला 'आपण' म्हणतो, 'आपण बसावं'. स्वतःबद्दल अलिप्तपणे बोलताना 'आपण' म्हणतो, 'आपण आपलं काम करावं'. आणि मुंबईच्या नाक्यावर तर 'आपण' म्हणजे सरळ 'मी', 'आपण नाय घाबरत कुणाला'. एकाच शब्दात मी, तुम्ही आणि सगळे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या, तेव्हा अशा कितीतरी गाठी त्यांच्यापुढे आल्या असणार. आम्ही पाच जण एकाच गाठीवर दोन बैठका घालवल्या.

आता या अनेकवचनाच्या बाजूनं काय म्हणता येईल ते पाहू. कारण बाजू भक्कम आहे.

योम किप्पूरची संध्याकाळ सुरू होते ती 'कोल निद्रे' या नवसांविषयीच्या अरमाईक घोषणेनं. पण त्याच्याही आधी एक छोटं वाक्य म्हटलं जातं. तेराव्या शतकातल्या जर्मनीतले विद्वान रोथेनबुर्गचे मेईर यांच्याशी ते जोडलं जातं. त्याचा आशय असा: स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या न्यायसभेच्या संमतीनं, आज आम्ही पाप्यांबरोबर प्रार्थना करायला परवानगी देतो. बघा, उपासाच्या रात्री पहिली गोष्ट कुठली, तर वर्षभर ज्यांना बाहेर ठेवलं त्यांना आत घ्यायची. याचं मूळ तालमूदमध्ये आहे. 'केरितोत' या भागात म्हटलंय की ज्या उपासात पापी सामील नाहीत तो उपासच नव्हे. पुरावा काय दिलाय, तर जुन्या मंदिरातल्या धूपाचा. त्या धूपाच्या घटकांत 'हेलबेना' नावाचा एक डिंक होता, त्याला घाण वास येतो. तरी तो घातल्याशिवाय धूप पुरा होत नसे. आम्ही शोध घेतला तेव्हा गंमत कळली. हा डिंक आपल्या हिंगाच्याच कुळातल्या झाडाचा. म्हणजे मराठी माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगायची गरजच नाही. नुसता हिंग हुंगायला दिला तर नाक मुरडू, पण हिंगाशिवाय फोडणी करून बघा.

तर अनेकवचनाचा पहिला गुण हा, की ते कुणाला उघडं पाडत नाही. सगळेच 'आम्ही चोरी केली' म्हणतात, म्हणून चोराला ते म्हणता येतं. दुसरा गुण, ते सज्जनाला सुटू देत नाही. मी चोरी केली नाही, ठीक. पण शेजारच्याच्या घरी काय चाललंय ते दिसत असून मी काही बोललो का? सोळाव्या शतकातले गूढवादी इसाक लुरिया यांच्या नावावर एक स्पष्टीकरण सांगितलं जातं, की सगळा समाज हे एक शरीर आहे, म्हणून एका अवयवाचा अपराध सगळ्यांनी कबूल करायचा. विचार म्हणून हे फार मोठं आहे. आपल्याकडे घरात एखादी सून जाळली जाते आणि आळीतला प्रत्येक जण म्हणतो, 'आम्हाला काय ठाऊक, बंद दाराआड काय चालतं'. तिथे हे अनेकवचन किती उपयोगी पडेल याचा विचार करा.

आता दुसरी बाजू, आणि इथे आमची तक्रार सुरू होते.

नाझी काळात हातून निसटलेल्या ज्यू तत्त्वचिंतक हाना आरंट यांनी युद्धानंतरच्या जर्मनीबद्दल एक निरीक्षण केलं. अनेक भले जर्मन म्हणू लागले, आपण सगळेच दोषी आहोत. ऐकायला उदात्त. पण आरंट यांचं म्हणणं असं की सगळेच दोषी असतील तर दोषी कुणीच उरत नाही. या सामूहिक कबुलीचा खरा फायदा झाला तो ज्यांनी प्रत्यक्ष गुन्हे केले त्यांना. कबुलीच्या गर्दीत ते दिसेनासे झाले. अनेकवचनावरचा याहून कडक आक्षेप आम्हाला सापडलेला नाही.

आणि मराठीत तर लपायला आणखी सोयी आहेत. आपण 'मी चूक केली' असं क्वचित म्हणतो. 'चूक झाली' म्हणतो. पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. रस्ता खणून ठेवतात आणि पाटी लावतात, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. कोण क्षमा मागतंय, कुणाची, पाटीला ठाऊक. समारंभाच्या शेवटी आभार मानणारा म्हणतो, 'कळत-नकळत काही चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला'. 'असेल तर' हे दोन शब्द म्हणजे मराठी माफीचा मागचा दरवाजा.

आमची गोष्ट सांगतो. हा गट पूर्वी सहा जणांचा होता. सहाव्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. वाचन आमच्या सगळ्यांहून जास्त. एका बैठकीत त्यांनी स्वतः लिहिलेला लेख वाचला. त्यांच्या बोलण्यात 'न' आणि 'ण' आपापल्या जागी नसतात. आमच्यातल्या एकानं मध्येच त्यांची नक्कल केली. बाकीचे हसले. सगळे हसले. बाईंनी लेख पूर्ण वाचला, चहा घेतला, आणि पुढच्या बैठकीपासून आल्या नाहीत. 'न-ण'वर हसणं म्हणजे नेमकं कशावर हसणं असतं, ते महाराष्ट्रात वाढलेल्या कुणालाही फोड करून सांगायला नको. महिन्याभरानं आम्ही गटाच्या वतीनं त्यांना निरोप लिहिला: 'आमच्याकडून कळत-नकळत मन दुखावलं गेलं असल्यास दिलगीर आहोत.' दोन दिवसांनी उत्तर आलं. दोनच शब्द. 'कोण कोण?'

त्या दोन शब्दांनंतर आम्ही या प्रार्थनेकडे पुन्हा गेलो. प्रश्न असा होता, की या दिवसाच्या संहितेला स्वतःला हा धोका ठाऊक आहे का? की नुसतं 'आम्ही, आम्ही' म्हणत छाती बडवली की झालं? आणि वाचताना दिसत गेलं की संहिता जागोजागी याच प्रश्नाशी भांडते आहे.

पहिली जागा म्हणजे महायाजकाची कबुली. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी उद्ध्वस्त केलं. त्याआधी योम किप्पूरचा मुख्य विधी तिथे होई, आणि आजही दिवसाच्या प्रार्थनेत त्या विधीचं वर्णन म्हटलं जातं. साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला सिद्ध झालेल्या मिश्नाच्या 'योमा' या भागात त्याचा तपशील आहे. महायाजक तीनदा कबुली देतो. पहिल्यांदा स्वतःची आणि आपल्या घरच्यांची. दुसऱ्यांदा स्वतःची, घरच्यांची आणि सगळ्या याजकांची. तिसऱ्यांदा, बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून, सगळ्या लोकांची. क्रम लक्षात घ्या. सगळ्यांच्या वतीनं बोलायचा अधिकार शेवटी येतो. त्याआधी दोनदा 'मी' म्हणावं लागतं. आमच्या निरोपात 'मी' एकदाही नव्हता.

दुसरी जागा त्याच ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात आहे. तिथे सरळ भेद केलाय. माणूस आणि देव यांच्यातल्या अपराधांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करतो. माणूस आणि माणूस यांच्यातल्या अपराधांचं करत नाही, जोवर ज्याचं वाईट केलं त्याचं समाधान केलं जात नाही. इतका मोठा दिवस, इतका कडक उपास, आणि संहिता म्हणते की अर्ध्याहून जास्त हिशेब इथे मिटणारच नाही, तो शेजारच्या घरी जाऊन मिटवून ये. जी यादी आपण मघाशी पाहिली ती आठवा. निंदा, टिंगल, लबाडी. यातलं बहुतेक सगळं माणसामाणसातलंच आहे. म्हणजे दिवसभर जे देवापुढे म्हणायचं त्यातलं बरंचसं देवाच्या हातातच नाही. आमच्या मते ही या दिवसाच्या रचनेतली सर्वांत धाडसी गोष्ट आहे.

तिसरी जागा वादाची. तालमूदमध्ये दोन मतं आहेत. यहुदा बेन बावा म्हणतात, पाप नेमकं काय ते नाव घेऊन सांगितलं पाहिजे. अकिवा म्हणतात, गरज नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीझ यांनी 'तेशुवा'चे नियम लिहिताना नेमकेपणाच्या बाजूनं कौल दिला. शिवाय ते आणखी एक फरक करतात. देवाविरुद्धचं पाप चारचौघांत मिरवू नये, पण माणसाविरुद्धचं पाप चारचौघांत कबूल करणं चांगलं. क्षमा मागायला जायचं ते एकदा जाऊन भागत नाही. नाही म्हणाला तर तीन मित्रांना घेऊन जा, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो माणूस मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जा आणि तिथे सांग, मी याचं अमुक वाईट केलं. इथे अनेकवचन साक्षीदारांचं आहे. गुन्हा 'मी'चा, दहा जण ऐकायला.

पण क्षमा मागणं-देणं हा काही सोपा व्यवहार आहे असं या ग्रंथांना वाटत नाही. तालमूदमध्ये राव नावाच्या थोर आचार्यांच्या दोन गोष्टी पाठोपाठ येतात. पहिलीत एका खाटकानं रावांचा अपराध केलेला असतो. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी तो क्षमा मागायला येत नाही, तेव्हा राव म्हणतात, मीच जातो, त्याला संधी देतो. वाटेत हुना भेटतात. कुठे निघालात ते ऐकून मनात म्हणतात, हे एका माणसाचा जीव घ्यायला निघालेत. खाटीक जनावराचं डोकं फोडत बसलेला. वर बघून म्हणतो, चला निघा, तुमच्याशी माझं काही देणंघेणं नाही. तेवढ्यात हाड उडून त्याला लागतं आणि तो मरतो. दुसऱ्या गोष्टीत अपराधी राव स्वतःच. गुरूंपुढे पाठ चालू असताना जो कोणी उशिरा येई त्याच्यासाठी राव पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. हनिना आले तेव्हा कंटाळले आणि केलं नाही. हनिना दुखावले. राव तेरा वर्षं दर योम किप्पूरच्या आदल्या दिवशी क्षमा मागायला जात राहिले. हनिनांनी क्षमा केली नाही.

या गोष्टींवर फ्रेंच तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास यांनी १९६३ मध्ये पॅरिसमध्ये व्याख्यान दिलं. विषय होता क्षमा, आणि युद्ध संपून वीसही वर्षं झाली नव्हती. त्यांनी तिथे म्हटलं की पुष्कळ जर्मनांना क्षमा करता येईल, पण काहींना करणं कठीण आहे, आणि एक नाव घेतलं, हायडेगर. आपल्या तरुणपणी ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव. आरंट यांच्या आक्षेपाला हे एका परीनं उत्तर आहे असं आम्हाला वाटतं. 'जर्मन' हे अनेकवचन त्यांनी फोडलं, आणि आतून एक माणूस बाहेर काढला.

पण म्हणून एकट्या माणसाला बाहेर काढणं हे नेहमी बरोबरच का? इथे दिवसाच्या रचनेतली चौथी जागा येते, आणि ती आम्हाला सर्वांत आवडते. सकाळी तोराहमधलं जे वाचन होतं ते लेवीयच्या १६ व्या अध्यायाचं: दोन बकरे, चिठ्ठ्या टाकून एक देवाला, दुसरा 'अझाझेल'ला. त्या दुसऱ्यावर सगळ्या समाजाची पापं लादून त्याला रानात सोडायचं. बळीचा बकरा तो हाच. आणि दुपारी काय वाचतात? योनाचं पुस्तक. आपल्याला योना म्हटलं की मासा आठवतो. मासा बाजूला ठेवा. जहाज बघा. योना देवाची आज्ञा टाळून पळतोय, वादळ उठलंय, खलाशी चिठ्ठ्या टाकतात. पुन्हा चिठ्ठ्या! चिठ्ठी योनाच्या नावाची निघते. तो लगेच कबूल करतो, हे माझ्यामुळे आहे, मला समुद्रात टाका. दिवसभर 'आम्ही' ऐकून थकलेल्या कानांना हा 'माझ्यामुळे' लख्ख ऐकू येतो. आणि खलाशी काय करतात? टाकत नाहीत. परके, वेगवेगळ्या देवांचे लोक, पण आधी जिवाच्या कराराने वल्ही मारतात, जहाज किनाऱ्याला लागतंय का बघतात. काहीच चालेना तेव्हा देवाची करुणा भाकून, नाइलाजानं त्याला टाकतात.

सकाळी एकावर सगळ्यांचं ओझं टाकून मोकळं होणारा समाज, आणि दुपारी एकाचा दोष कळूनही त्याला बकरा करायला तयार नसलेले खलाशी. दोन्ही वाचनं एकाच दिवशी ठेवली आहेत. ज्यांनी ठेवली त्यांनी कारण लिहून ठेवलेलं आम्ही वाचलेलं नाही, आणि हा अर्थ आमचा आहे. पण आमच्या प्रश्नाचं जवळात जवळचं उत्तर या जहाजावर आहे. अपराध्यानं म्हणायचं 'मी'. इतरांनी म्हणायचं 'आपण'. अपराधीच 'आम्ही' म्हणाला तर ती पळवाट होते, आणि इतर सगळे 'तो' म्हणाले तर ती बकऱ्याची वाट.

पुढे निनवे शहरात राजापासून गुराढोरांपर्यंत सगळे गोणपाट नेसून उपास करतात. मिश्नाच्या 'तानित' भागात यावर मार्मिक शेरा आहे: देवानं त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिला असं लिहिलेलं नाही, त्यांची कृती पाहिली असं लिहिलंय. सकाळच्या वाचनात यशयाही हेच विचारतो. डोकं खाली घालून उपाशी बसलात आणि मजुरांना राबवत राहिलात, याला उपास म्हणायचं? भुकेल्याला भाकर द्या, जोखड तोडा. उपासाच्या ऐन दिवशी, उपाशी लोकांसमोर, उपासावरची ही टीका वाचायची. आपल्या एकादशीच्या कीर्तनात दर वर्षी एकादशीवर टीका ऐकवायची असं ठरवलं तर किती बुवा टिकतील कोण जाणे.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. योम किप्पूरच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव आहे 'नेइला', म्हणजे बंद होणं. दिवस मावळतोय, स्वर्गाचे दरवाजे मिटतायत, त्याआधी शेवटचं म्हणून घ्या. मग शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग वाजतं आणि उपास संपतो. म्हणजे एरवी दार मिटतं ते आकाशात, दिवसाच्या शेवटी. कोकणातल्या बेने इस्राएलांकडे शेकडो वर्षं ना मोठं सिनेगॉग होतं ना प्रार्थनापुस्तकं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग झालं १७९६ मध्ये. त्यांनी दिवसाचं नाव ठेवलं ते घराच्या दारावरून, आणि ते दार सुरुवातीलाच लागायचं. दार लावून घेतलं की आतल्या माणसांना लपायला अनेकवचन फार मोठं उरत नाही. नवरा, बायको, सासू, पोरं. 'आम्ही' म्हटलं तरी कोण कोण ते दिसतंच.

आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, गरिबांना दान द्यायचं, एकमेकांच्या घरी जायचं. आम्हाला हे 'शिळा' नाव फार शहाणं वाटतं. शिळी भाकरी म्हणजे कालच्या चुलीवरची, आज खायची. पश्चात्तापही कालचा आज पुरला तर खरा. मायमोनिडीझ म्हणतात, पुरा पश्चात्ताप कुणाचा, तर तीच संधी, तोच मोह पुन्हा समोर आल्यावर जो तसं करत नाही त्याचा. तो दिवस उपासाचा नसतो. तो कुठला तरी साधा, शिळा दिवस असतो.

तर आमचा भाषांतराचा निकाल. 'आशामनू'साठी आम्ही शेवटी 'आपण' घेतला नाही, 'आम्ही'च ठेवला. व्याकरणाच्या आग्रहानं नाही. 'आपण' म्हटलं की ऐकणाराही आत ओढला जातो, आणि ज्याचा अपराध केला तोच समोर ऐकत उभा असेल तर? बाईंना आम्ही 'आपण चुकलो' म्हणालो असतो तर? म्हणून 'आम्ही'. पण त्या खाली एक टीप जोडली, की ही प्रार्थना म्हणण्याआधी प्रत्येकानं एकेका घरी एकटं जाऊन यावं, आणि तिथे एकवचन वापरावं.

बाईंचं काय झालं, हे तुम्ही विचारणार. आमच्यातले तिघे त्यांच्याकडे एकेकटे जाऊन आले. दोघे अजून गेलेले नाहीत. त्यांनी कुणाला काय उत्तर दिलं ते ज्याचं त्याच्यापाशी. माणसाविरुद्धची चूक चारचौघांत सांगावी, हा मायमोनिडीझ यांचा नियम वाचून ही हकीकत इथे सांगायचं आम्ही ठरवलं, आणि तशी त्यांची परवानगी मागितली. त्यांनी दिली. परवानगी दिली म्हणजे क्षमा केली, असा अर्थ आम्ही काढलेला नाही. पुढची बैठक त्यांनी तेव्हा वाचलेल्या लेखावर ठेवली आहे. त्यांना कळवलं आहे. येतील की नाही, हे त्यांच्यावर आहे.